दोन प्रती, एक निरोप

तर मंडळी, आजचा विषय आमच्या धंद्यातलाच आहे, फक्त डेटा सेंटरऐवजी पेशीतला. एका सर्व्हरवर भागत असताना दुसरा कशाला ठेवायचा, हा प्रश्न प्रत्येक बजेट मीटिंगमध्ये कोणीतरी विचारतंच. आणि पहिला सर्व्हर झोपला की तोच माणूस "दुसरा का नव्हता?" असंही विचारतो. जीवशास्त्रात हाच वाद जवळजवळ नव्वद वर्षं चालू आहे. आपल्या पेशींमध्ये एकाच जनुकाच्या दोन-दोन, तीन-तीन प्रती सापडतात. कॉपी-पेस्ट करून विसरलेला कोड वाटावा अशा. उत्क्रांती म्हणजे म्हणे कंजूष मारवाड्याचं दुकान, मग हा फुकटचा माल तिने लाखो वर्षं सांभाळला कशाला?

या प्रश्नाचा इतिहास वाचताना एक गंमत कळली. त्यातलं एक महत्त्वाचं पान आपल्या मुंबईत लिहिलं गेलंय. म्हणून हा रविवार त्याच्या नावे.

सुरुवात एका माशीपासून. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी ती बारीक फळमाशी जनुकशास्त्रवाल्यांची फार लाडकी. तिचा एक प्रकार असा होता की डोळा नेहमीसारखा गोल न येता अरुंद पट्टीसारखा यायचा. जनुकात काहीतरी बिघाड असणार, असं सगळे धरून चालले होते. १९३६ साली कॅल्विन ब्रिजेस याने माशीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिली. या गुणसूत्रांवर आडवे पट्टे दिसतात, साधारण बारकोडसारखे. अरुंद डोळ्याच्या माशीत त्या बारकोडचा एक तुकडा दोनदा आला होता. बिघाड वगैरे काही नाही, मजकूर तोच, फक्त दोनदा छापलेला. ज्या माशीत तो तीनदा आला होता तिचा डोळा आणखीच बारीक. म्हणजे प्रती वाढल्या की फायदाच होतो असं नाही, हे पहिल्याच उदाहरणात दिसलं होतं. पुढे लोक ते विसरले, पण ते नंतर.

त्याच दशकात इंग्लंडमध्ये जे. बी. एस. हाल्डेन याने यातला दुसरा मुद्दा मांडला. एखाद्या जनुकाची जादा प्रत झाली तर मूळ प्रत आपलं रोजचं काम करत राहील, आणि जादा प्रतीला बदलायला मोकळीक मिळेल. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनला हात न लावता ब्रँच काढायची आणि तिच्यावर हवे ते प्रयोग करायचे. हाच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आला, इथलाच झाला, आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला.

आता येऊ १९५२ वर. या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या आणि त्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता.

पहिली कॅलिफोर्नियात. त्या जानेवारीत जॉन फॉन नॉयमन याने कॅलटेकमध्ये व्याख्यानं दिली, ती १९५६ मध्ये छापून आली. प्रश्न असा की सुटे भाग बेभरवशाचे असतील तर त्यांपासून भरवशाचं यंत्र कसं करायचं? तेव्हाचे कॉम्प्युटर व्हॅक्यूम ट्यूबचे, एखादी ट्यूब कधी उडेल याचा नेम नाही. त्याचं उत्तर : एका तारेऐवजी ताऱ्यांचा जुडगा घ्या... माफ करा, तारांचा जुडगा घ्या, सगळ्यांवर तोच निरोप पाठवा आणि शेवटी बहुमत घ्या. मात्र यात दोन अटी आहेत. प्रत्येक भागाची चुकण्याची शक्यता एका मर्यादेच्या आत हवी. आणि चुका सुट्या सुट्या व्हायला हव्यात, सगळ्यांनी एकाच वेळी एकच चूक केली तर बहुमताचा उपयोग शून्य. ही दुसरी अट लक्षात ठेवा, सगळा लेख तिच्यावरच उभा आहे.

दुसरी गोष्ट मुंबईत. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची नोंद केली. सोबत देशपांडे आणि भाटिया ही मुंबईची नावं, शिवाय लंडनचे रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स. या लोकांचं रक्त नेहमीच्या तपासणीत 'ओ' वाटायचं, पण 'ओ' गटाचं रक्त त्यांना चालायचं नाही. सगळ्यांना चालणारा म्हणून ज्याची ख्याती, तो 'ओ'च यांच्या रक्तात गुठळ्या करायचा. आज जगभर हा गट 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो. शहराचं नाव बदललं, रक्ताचं नाही.

हे समजायला थोडं आत जावं लागेल. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या लहान साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर जोडली की 'एच' खूण तयार होते. त्या 'एच'वर आणखी एक साखर चढवली की ए किंवा बी. काहीच चढवलं नाही तर ओ. म्हणजे ओ गट हा 'काहीच नाही' नसतो, त्याच्यावर 'एच' असतोच. बॉम्बे गटात तो 'एच'सुद्धा नसतो. प्रोग्रामरला एका वाक्यात सांगतो : ओ म्हणजे रिकामी स्ट्रिंग आणि बॉम्बे म्हणजे नल. वरवरच्या तपासणीत दोन्ही सारखेच दिसतात. पण बॉम्बे गटाच्या माणसाच्या शरीराने 'एच' कधी पाहिलेलाच नसतो, त्यामुळे तो समोर आला की शरीर त्याला शत्रू समजतं. तीन वर्षांनी, १९५५ साली, अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांना एक स्त्री सापडली. तिचा गट ओसारखा दिसत होता, पण तिच्यात लपलेला बी पुढच्या पिढीत व्यवस्थित उमटला होता. म्हणजे बी करण्याचं जनुक शाबूत होतं, ते ज्यावर चढवायचं तो पायाच नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, यात जनुकाच्या दोन प्रती कुठे आल्या? येतायत. त्यासाठी आधी १९७० मध्ये जाऊ.

त्या वर्षी सुसुमू ओनो याने जनुकांच्या दुपटीवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. जन्म कोरियातला, आईवडील जपानी, नोकरी कॅलिफोर्नियात. हाल्डेनने जे दोन-चार वाक्यांत सांगितलं होतं, ते ओनोने सिद्धांत म्हणून उभं केलं : नवं जनुक शून्यातून क्वचितच तयार होतं, बहुतेक वेळा जुन्याची प्रत निघते आणि ती प्रत बदलते. पण त्याने एक धोकाही सांगितला. जादा प्रतीवर कोणाची नजर नसते, त्यामुळे तिचं नवं काहीतरी होण्याआधी ती मोडून पडण्याचीच शक्यता जास्त. आपल्या जीनोममध्ये अशा मोडक्या प्रतींचा ढीग आहे. जुन्या प्रोजेक्टमधल्या कॉमेंट करून ठेवलेल्या फंक्शनसारख्या, कोणी काढत नाही आणि कोणी वापरत नाही.

मुंबईची गोष्ट इथे ओनोला येऊन मिळते. १९९०च्या दशकात अमेरिकेत जॉन लोव यांच्या प्रयोगशाळेने ती फ्यूकोज जोडणारी जनुकं वेगळी काढली. निघाली दोन, एफयूटी१ आणि एफयूटी२. एकाच पूर्वज जनुकाच्या प्रती, १९व्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी राहणाऱ्या. एफयूटी१ तांबड्या पेशींवर 'एच' लावतं, एफयूटी२ लाळ वगैरे स्रावांमध्ये. काम तेच, फक्त ठिकाणं वाटून घेतलेली. आणि गंमत म्हणजे त्यांच्या शेजारीच याच घराण्याची तिसरी प्रत पडलेली आहे, माणसात ती मोडलेली आहे. म्हणजे ओनोने सांगितलेले प्रकार एकाच गल्लीत बघायला मिळतात : मूळ काम करणारं, काम वाटून घेतलेलं, आणि बंद पडलेलं दुकान.

१९९७ साली जपानच्या संशोधकांनी भारतातल्या बॉम्बे गटाच्या लोकांचा डीएनए तपासला. एफयूटी१ मध्ये एका अक्षराची चूक होती, आणि एफयूटी२ अख्खंच्या अख्खं गायब. नुसतं एफयूटी१ बिघडलं असतं तर लाळेत तरी 'एच' राहिला असता. असे लोक असतात, त्यांना पॅरा-बॉम्बे म्हणतात. आणि नुसतं एफयूटी२ बंद असलेले तर कितीतरी. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण पाचातल्या एकाचं बंद असतं, आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसच्या नेहमीच्या जाती त्यांना सहसा त्रास देत नाहीत. पण बॉम्बे गटात दोन्ही गेलेले. आणि दोन्ही एकत्र का गेले? कारण ती शेजारी आहेत. गुणसूत्रावर इतकी जवळ असलेली जनुकं पिढ्यान्‌पिढ्या जोडीनेच पुढे जातात. बिघडलेलं एफयूटी१ आणि रिकामी जागा, दोन्ही एकाच पाकिटात वारसाहक्काने मिळतात. दोन सर्व्हर घेतले खरे, पण ठेवले एकाच रॅकमध्ये. आली ना फॉन नॉयमनची दुसरी अट?

इथपर्यंतचा सगळा विचार 'एक मोडलं तर दुसरं' असा होता. पण एकही जनुक मोडलेलं नसताना, सगळं ठीक चालू असतानासुद्धा दोन प्रतींचा उपयोग असतो, हे कळायला २००२ साल उजाडलं.

पेशीत एकेका प्रथिनाचे रेणू कधी कधी मोजके असतात, दहा-वीस-शंभर. ते एकमेकांवर आपटणार, चिकटणार, सुटणार, सगळं नशिबावर. जनुकही नळासारखं सतत वाहत नाही. बंद, बंद, मग अचानक एक लोंढा, पुन्हा बंद. ज्यांनी टँकरची वाट पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बाहेरून तोच निरोप आला तरी एका पेशीत ऐंशी रेणू तयार होतात, शेजारच्या पेशीत दीडशे. याला गोंगाट म्हणतात.

मायकेल एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी हा गोंगाट मोजला, आणि मोजायला काय वापरलं असेल? जनुकाच्या दोन प्रती! एका जिवाणूत अगदी सारख्या नियंत्रणाखाली दोन चमकणारी जनुकं बसवली, एक निळसर आणि एक पिवळं. दोन्ही एकाच पेशीत, एकाच हुकमाखाली. गोंगाट नसता तर प्रत्येक पेशीत दोन्ही रंग सारखेच आले असते. प्रत्यक्षात काही पेशी एका रंगाकडे झुकल्या, काही दुसऱ्या. यातून दोन प्रकार वेगळे करता आले. दोन्ही रंग एकदमच कमीजास्त झाले तर कारण पेशीभर पसरलेलं, म्हणजे सामायिक गोंगाट. एक वाढला आणि दुसरा घटला तर तो त्या त्या प्रतीचा स्वतःचा गोंगाट.

हा फरक आम्हा खरवईकरांना वेगळा शिकवायची गरज नाही. बदलापूरहून कर्जतकडे दोन रूळमार्ग जातात. एका मार्गावर इंजिन बंद पडलं तर दुसरा मोकळा असतो, हा झाला स्वतःचा गोंगाट. पण उल्हास नदी भरून आली की दोन्ही मार्ग एकदमच पाण्याखाली. २००५च्या २६ जुलैला बदलापूरने नदीचं ते रूप पाहिलंय. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, आणि हजाराच्या वर प्रवाशांना बोटींमधून बाहेर काढावं लागलं. त्या दिवशी तिथे दोनाऐवजी सहा मार्ग असते तरी सहाच्या सहा बुडाले असते. मोबाइलमध्ये दोन कंपन्यांची सिम कार्डं बाळगणाऱ्यांचंही तेच. दोन्ही कंपन्या एकाच टॉवरवर असतील तर लाइट गेल्यावर दोन्ही सिम एकदमच मुकी.

सुट्या गोंगाटावर मात्र प्रतींची मात्रा छान लागू पडते. एकाच जनुकाने शंभर रेणू करण्याऐवजी दोघांनी पन्नास-पन्नास केले, तर एकाचा लोंढा आला तेव्हा दुसरा बंद असण्याचीही शक्यता असते आणि बेरीज बरीचशी सपाट होते. गणित सरळ आहे : सुट्या गोंगाटाचं प्रमाण प्रतींच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतं. चार प्रती केल्या की गोंगाट अर्धा, सोळा केल्या की पाव. म्हणजे फायदा आहे पण भाव चढत जातो. फीडबॅक लावून सुधारणा करणं त्याहून महाग पडू शकतं. २०१० मध्ये पॉल्सन आणि मंडळींनी दाखवलं की निरोपांची संख्या मर्यादित असेल तर फीडबॅकने गोंगाट अर्धा करायला सोळापट निरोप लागू शकतात.

गोंगाटाने नुकसान किती होतं? २०११ साली आंद्रे लेव्हचेंको यांच्या गटाने शॅननचं माहितीशास्त्र पेशीला लावलं. दाह झाल्याचा निरोप देणारा एक रेणू पेशीला किती माहिती पोचवतो ते मोजलं. उत्तर आलं जेमतेम एक बिट. म्हणजे एकटी पेशी फार तर 'आहे' किंवा 'नाही' इतकंच नीट ऐकू शकते. 'थोडं', 'बरंच', 'खूप' हे तिला कळत नाही. आपण बावन्न मेगापिक्सेलवर भांडतो, आणि इथे एका बिटवर संसार!

आता या गोष्टीचा सर्वात सुंदर भाग, आणि तो घडतो आपल्या वडापावमधल्या पावात. पाव फुगवणाऱ्या यीस्टचा जीनोम १९९६ मध्ये पूर्ण वाचून झाला. पुढच्याच वर्षी डब्लिनच्या केन वुल्फ आणि डेनिस शील्ड्स यांनी दाखवलं की साधारण दहा कोटी वर्षांपूर्वी या यीस्टच्या एका पूर्वजाचा अख्खा जीनोमच दुप्पट झाला होता. बहुतेक जादा प्रती पुढे गळून गेल्या. जी काही जोडपी टिकली त्यात एक आहे एमएसएन२ आणि एमएसएन४. यीस्टवर संकट आलं, उष्णता वाढली किंवा साखर संपली, की हे दोघे पेशीच्या केंद्रात शिरतात आणि बचावाची शेकडो जनुकं चालू करतात. दोघे त्याच जनुकांना, त्याच परिस्थितीत चालू करतात. मग दोघे कशाला?

२०१९ मध्ये नामा बार्काई यांच्या इस्रायलमधल्या प्रयोगशाळेने उत्तर दिलं. जनुकापुढे एक पेच असतो. परिस्थितीप्रमाणे झटकन वाढणारं जनुक हवं असेल तर ते संवेदनशील हवं, आणि संवेदनशील जनुक गोंगाट फार करतं. गणपतीच्या मंडपात माइकचा आवाज वाढवून ठेवला की निवेदकाबरोबर पंख्याची घरघर आणि मागच्या पोरांची भांडणंही ऐकू येतात, तसंच. आवाज कमी ठेवला तर शांत, पण मग हळू बोलणारा ऐकूच येत नाही. एका माइकला दोन्ही जमत नाही. यीस्टने दोन माइक ठेवले. एमएसएन२ कायम एका पातळीवर, शांत, कमी गोंगाटाचं. एमएसएन४ परिस्थितीप्रमाणे वाढणारं, थोडं गोंगाटी. पेशी बघते ती दोघांची बेरीज. नेहमीच्या दिवसांत शांत एमएसएन२ चा वाटा मोठा असल्यामुळे निरोप स्वच्छ राहतो, आणि दिवस वाईट आले की एमएसएन४ भर घालतं. या जोडीत कोणी बॅकअप नाही आणि कोणी नवं काम शोधायला गेलेलं नाही. दोघांनी मिळून एक असा भाग बनवलाय जो एका जनुकाला बनवताच येत नाही. हाल्डेनच्या आणि ओनोच्या हिशोबात ही शक्यता ठळकपणे नव्हती.

म्हणजे प्रती वाढवत जावं का? थांबा. माणसात कॅल्मोड्युलिन नावाचं एक प्रथिन आहे. पेशीतल्या कॅल्शियमचा निरोप वाचून पुढे सांगणं हे त्याचं काम, आणि हृदयाचा प्रत्येक ठोका त्याच्यावर अवलंबून. ते बनवणारी तीन जनुकं आहेत, आणि तिघांचं प्रथिन अक्षरनअक्षर सारखं. शिवाय तिघं तीन वेगळ्या गुणसूत्रांवर, २, १४ आणि १९. एफयूटीसारखी एकाच रॅकमध्ये नाहीत. आईकडून तीन, वडिलांकडून तीन, अशा सहा प्रती. आपल्यातल्या कोणत्याही आर्किटेक्टने पाठ थोपटावी अशी व्यवस्था.

तरीही २०१२ मध्ये एका स्वीडिश कुटुंबात जीवघेण्या अनियमित ठोक्यांचं कारण सापडलं ते सहापैकी एका प्रतीतला बदल. पाच चांगल्या असताना एकीने घात केला. कारण ती प्रत गप्प बसली नव्हती. ती प्रथिन बनवत होती, जागेवर जाऊन बसत होती, आणि चुकीचा निरोप देत होती. आपल्याकडे १९८२ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट आणि सहकाऱ्यांनी याच प्रकाराला बायझंटाइन सेनापतींचं नाव दिलं : मेलेला सर्व्हर परवडला, खोटं बोलणारा नको. फॉन नॉयमनच्या जुडग्याच्या टोकाला बहुमत मोजणारा कोणीतरी होता. हृदयाच्या पेशीत मतमोजणी होत नाही, जो रेणू त्या जागेवर बसला त्याचाच शब्द चालतो.

तर हिशोब असा. मोडण्याची भीती असेल तर प्रती लांब लांब ठेवा. गोंगाटाचा त्रास असेल तर प्रतींची बेरीज करा, पण त्यांचा गोंगाट खरंच सुटा आहे का ते आधी तपासा. आणि प्रत खोटं बोलू शकत असेल तर नुसत्या संख्येवर विसंबू नका. हे तिन्ही नियम आपल्या पुस्तकात आहेत. पेशी ते पाठ करून शिकली नाही, त्यासाठी तिने पुष्कळ जीव खर्ची घातले.

जाता जाता कामाचं. बॉम्बे गट भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असल्याचा अंदाज दिला जातो, युरोपात दहा लाखांत एक. या लोकांची तब्येत एरवी ठणठणीत असते. दोन्ही प्रती नाहीत याचा पत्ता त्यांना रक्त द्यायची किंवा घ्यायची वेळ येईपर्यंत लागतही नाही. आणि घ्यायचं झालं तर फक्त दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचंच. नुसत्या तांबड्या पेशी तपासणाऱ्या झटपट चाचणीत ते ओ म्हणून नोंदले जाऊ शकतात. त्यांचं रक्तद्रव ओ गटाच्या पेशींबरोबर तपासलं की मात्र भेद उघड होतो. तेव्हा तुमच्या कार्डावर 'ओ' लिहिलेलं असेल आणि ते कॉलेजमधल्या शिबिरात घाईघाईने केलेल्या चाचणीवरून असेल, तर पुढच्या वेळी रक्तपेढीत गेलात की दोन्ही बाजूंनी तपासणी झाली आहे का एवढं विचारून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. तुमचा गट खरोखरच बॉम्बे निघाला तर आपलं नाव दुर्मिळ दात्यांच्या यादीत जरूर नोंदवा. तुमच्यासारखाच कोणीतरी कुठल्यातरी ऑपरेशन टेबलवर असतो, आणि त्याच्यासाठी दुसरी प्रत म्हणजे तुम्हीच.

असो. फार लांबलं. भेटू पुढच्या रविवारी.